तीन लाख आलेत, पण आधी दाखल नोंदवही उघडा

प्रश्न : वाळवा तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावात आमचं सार्वजनिक वाचनालय आहे. स्थापना 1952 ची, सरकारी वर्गवारीत वर्ग ‘ब’. मी तिथे ग्रंथपाल आहे. पुस्तकं सुमारे 14,000, सभासद 310, वर्गणी महिना 20 रुपये. देवघेव अजून रजिस्टरवरच चालते. गावातलेच पण आता पुण्यात स्थायिक झालेले एक गृहस्थ संगणकीकरणासाठी 3 लाख रुपये देत आहेत. अध्यक्षांनी एका विक्रेत्याकडून 2,85,000 रुपयांचं दरपत्रक आणलंय. 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, उद्घाटन करायचं असं त्यांनी ठरवूनही टाकलंय. एक संचालक त्यांच्या पतसंस्थेतले चार जुने संगणक द्यायला तयार आहेत. पुस्तकांची माहिती संगणकात भरायचं काम ‘ताई फावल्या वेळात करतील’ असं सभेत बोललं गेलं. तीन लाखांत हे सगळं बसेल का? पुस्तकांच्या पीडीएफ सभासदांच्या ग्रुपवर टाकल्या तर चालतील का? आणि स्पष्टच विचारते, संगणक आला की माझी गरज राहील का? दरपत्रकाची प्रत सोबत जोडली आहे.
— एक ग्रंथपाल, सांगली जिल्हा

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

दरपत्रकाची प्रत जोडलीत हे फार बरं केलंत. अध्यक्षांच्या नजरेतून सुटलेली ओळ अगदी तळाशी, बारीक अक्षरात आहे : ‘जीएसटी वेगळा’. 2,85,000 वर 18 टक्के म्हणजे 51,300. बेरीज 3,36,300. म्हणजे दान पूर्ण संपवूनही वाचनालयाला पदरचे 36,300 घालावे लागणार, आणि एकाही पुस्तकाची नोंद संगणकात झालेली नसणार. कारण त्याच तळाशी दुसरी ओळ आहे : ‘माहिती भरण्याचे काम ग्राहकाने करावयाचे आहे’. उद्याच्या सभेत दुसरं काही बोलला नाहीत तरी चालेल, या दोन ओळी मात्र मोठ्यानं वाचा.

आता वरचे आकडे पाहू. आरएफआयडीचं गेट (पुस्तकात चिकटवलेला चिपचा टॅग रेडिओलहरींनी ओळखून, नोंद न करता पुस्तक बाहेर निघालं तर इशारा देणारं), रीडर आणि टॅग 1,25,000. टचस्क्रीन कियॉस्क, म्हणजे वाचकांनी पुस्तक शोधायचं उभं यंत्र, 55,000. सॉफ्टवेअर 40,000. मोबाइल ॲप 20,000. एक संगणक 45,000. पुस्तकं 14,000 आणि टॅग दिलेत 5,000, म्हणजे उरलेली 9,000 पुस्तकं त्या गेटमधून बिनबोभाट बाहेर जातील. ज्या वाचनालयात एकाच दारातून ये-जा होते आणि दाराशीच ग्रंथपाल बसलेल्या असतात, तिथे हे गेट म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. गेट आणि कियॉस्क दोन्ही खोडा. ॲपही खोडा. 310 सभासदांना निरोप द्यायला तुमच्याकडे फोन आहे, आणि त्यातले निम्मे तर संध्याकाळी वाचनालयाच्या कट्ट्यावरच भेटतात.

तुमच्या वाचनालयाला बारकोड पुरेसा आहे. हातात धरायचा स्कॅनर दीड-दोन हजारांत येतो आणि संगणकाला तो कीबोर्डसारखाच जोडला जातो. पुस्तकाचा दाखल क्रमांक हाच बारकोडचा क्रमांक ठेवा. नव्या क्रमांकांची मालिका सुरू केलीत तर तपासणीच्या वेळी दोन याद्या जुळवत बसावं लागेल. एक सांभाळा. बिलाच्या पावतीसारख्या, उष्णतेनं छापलेल्या लेबलांवरची अक्षरं दोन-तीन वर्षांत उडतात. साध्या लेझर प्रिंटरवर ए-4 आकाराच्या चिकट कागदावर लेबलं छापा आणि वरून पारदर्शक टेप लावा.

यंत्रांचं एवढंच. पैसे कमी पडोत की जास्त होवोत, वाचनालयाचं संगणकीकरण अडतं ते नोंदींवर. संगणक सहा वर्षांनी भंगारात जाईल, सॉफ्टवेअर बदलेल, विक्रेत्याचा फोन लागेनासा होईल. पुस्तकांच्या नोंदी नीट झालेल्या असतील तर त्या पुढच्या तीन पिढ्यांना पुरतील. म्हणून तीन लाखांतला सर्वांत मोठा वाटा नोंदींचा असायला हवा आणि खरेदीच्या आधी दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिच्यात चढवतात ती वही, उघडायला हवी.

1952 सालचं पहिलं रजिस्टर काढा. किमतीच्या रकान्यात ‘2-8-0’ असं लिहिलेलं दिसेल. तुम्हाला-मला कळतं, दोन रुपये आठ आणे, म्हणजे अडीच रुपये. दशमान नाणी 1957 साली आली, तोवर हिशेब रुपये-आणे-पैचा होता. बाहेरून रोजावर आणलेला मुलगा तिथे 280 टाइप करेल आणि अडीच रुपयांचं पुस्तक संस्थेच्या ताळेबंदात 280 रुपयांचं होऊन बसेल. अशा दोन-तीन हजार नोंदी झाल्या की लेखापरीक्षकांना उत्तर तुम्ही द्यायचं, त्या मुलानं नाही. देणगीत आलेल्या जुन्या पुस्तकांवर प्रकाशनाचं वर्ष शके 1847 असं असतं. त्यात 78 मिळवून इसवी सन 1925 लिहायचा. तसं न सांगितलं तर संगणकात तुमचं वाचनालय एकोणिसाव्या शतकातल्या दुर्मीळ ग्रंथांनी भरून जाईल. (अध्यक्ष खूश होतील, ते वेगळं.)

लेखकांच्या नावांचा घोळ याहून मोठा. तुमच्याकडे रोज कुणीतरी ‘माडगूळकरांचं काहीतरी द्या’ म्हणत येत असेल. माणदेशचे दोघे भाऊ, ग. दि. आणि व्यंकटेश. एका रजिस्टरमध्ये ‘ग. दि. माडगूळकर’, दुसऱ्यात ‘माडगूळकर ग.दि.’, तिसऱ्यात नुसतं ‘गदिमा’. संगणकाला हे तीन वेगळे लेखक वाटतात. शिरवाडकरांची नाटकं एका नावावर आणि कविता कुसुमाग्रज या नावावर. वाचकाला दोन्ही एकत्र दिसायला हवीत की नकोत हे आधी ठरवावं लागतं आणि तसा जोडसंदर्भ, म्हणजे एका नावाखाली ‘दुसरं नावही पाहा’ अशी सूचना, द्यावा लागतो. म्हणून पहिली नोंद टाइप करण्याआधी एक साधी वही करा. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग आद्याक्षरं, प्रत्येक आद्याक्षरानंतर टिंब आणि एक जागा मोकळी. टोपणनाव असेल तर कुठल्या नावाखाली नोंद करायची ते शेजारी लिहा. नेहमीच्या दोन-अडीचशे लेखकांची वही झाली की ऐंशी टक्के भांडणं मिटतात. हे काम विक्रेता करू शकत नाही. ते तुमचंच आहे, आणि त्याचं मोल सभेला कळलं पाहिजे.

मराठी टंकाची एक चाचणी सांगते, तीत नापास होईल तो विक्रेता नको. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एका मराठी पुस्तकाचं नाव टाइप करायला सांगा. ते नाव तिथून उचलून तुमच्या फोनवर व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. तिथे मराठीच दिसलं तर ते युनिकोड आहे. इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसली तर तो जुन्या पद्धतीचा फाँट आहे. त्या फाँटमध्ये भरलेली माहिती दुसऱ्या कुठल्याही संगणकावर शोधता येत नाही, आणि ती पुन्हा युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं मोडतात. असल्या नोंदी असण्यापेक्षा नसलेल्या बऱ्या.

नोंदी सुरू करण्याआधी कपाटं झाडा. वाळवी लागलेली, पानं गळालेली, जुन्या अभ्यासक्रमाची गाईडं आणि कालबाह्य स्पर्धा-परीक्षेची पुस्तकं बाहेर काढा. यादी करा, कार्यकारी मंडळाचा ठराव घ्या, नोंदवहीत बाद केल्याचा शेरा मारा. मात्र स्थानिक इतिहास, संस्थानी काळातली कागदपत्रं, जुनी नियतकालिकं यांना हात लावू नका, ती कितीही फाटकी असली तरी.

समजा 2,500 पुस्तकं बाद झाली. उरली 11,500. नोंदवही आणि पुस्तक दोन्ही समोर ठेवून, ताडून पाहत काम केलं तर एक माणूस दिवसाला सत्तरच्या आसपास नोंदी नीट करतो. म्हणजे 164 दिवस, सुट्ट्या धरून सात महिने. हे फावल्या वेळातलं काम आहे का, असं सभेत शांतपणे विचारा. देवघेव, वर्तमानपत्रं, अनुदानाचे कागद, तपासणीची तयारी आणि मुलांचा गोंगाट सांभाळून कुणालाही इतका फावला वेळ मिळत नाही. नोंदीमागे आठ रुपये धरा, 92,000 होतात. गावातली, मराठी चांगलं येणारी, ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेली मुलगी मिळाली तर सर्वांत उत्तम. तुम्ही रोज तिच्या दहा नोंदी तपासायच्या आणि चुका त्याच दिवशी दाखवायच्या. कामाच्या वेळेबाहेर तुम्ही स्वतः नोंदी करणार असाल तर त्याच दरानं मानधन घ्या आणि तसं इतिवृत्तात लिहून घ्या. संकोच करू नका. फुकट केलेलं काम पुढच्या वर्षी कर्तव्य होऊन बसतं.

बाकीचा हिशेब असा धरता येईल. दोन नवे संगणक, करासकट, 90,000. लेझर प्रिंटर 15,000. दोन स्कॅनर 4,000. लेबलं आणि टेप 15,000. दोन यूपीएस 8,000. वायरिंग, अर्थिंग आणि नवे पॉइंट 8,000. प्रती ठेवायला दोन बाहेरच्या हार्डडिस्क 10,000. नोंदींचे 92,000 धरून एकूण 2,42,000. (सॉफ्टवेअरचं पुढे सांगते.) हाती उरले 58,000. दर तुमच्या इस्लामपूर-सांगलीच्या बाजारात थोडे इकडेतिकडे होतील, पण तीन दरपत्रकं मागवलीत की अंदाज येईल. अर्थिंगची रक्कम कुणी कापू म्हणेल, ती कापू देऊ नका. जुन्या इमारतीत संगणक जळतात ते बहुतेक त्यापायीच.

पतसंस्थेचे चार जुने संगणक धन्यवाद देऊन घ्या, पण बघून घ्या. ते विंडोज 10 वर चालत असतील. त्या प्रणालीला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, 14 ऑक्टोबर 2025 लाच संपला. त्यावर सभासदांची माहिती आणि देवघेव ठेवू नका. चारांतला बरा एक निवडा, पतसंस्थेला त्यातली जुनी माहिती पूर्ण पुसायला सांगा, त्यावर विंडोजऐवजी मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली चढवा आणि तो वाचकांना पुस्तक शोधायला दाराशी ठेवा. 55,000 चा कियॉस्क करणार होता तेच काम झालं. उरलेले तीन नाकारा. ते घेतलेत तर जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे संस्थेच्या सामानाच्या यादीत, चढतील आणि मग फेकतानाही ठराव लागेल.

त्या 58,000 चं काय करायचं हे सर्वांत नाजूक. सभेत कुणीतरी नक्की म्हणेल, ‘एवढे उरतात तर एक एलईडी टीव्ही घेऊ.’ ते पैसे मुदत ठेवीत ठेवा. इंटरनेट, सॉफ्टवेअरची देखभाल आणि बॅटरी-टोनर मिळून वर्षाला पंचवीस हजारांच्या आसपास जातील. उरलेल्या रकमेत पहिली दोन वर्षं निघतील. सहा वर्षांनी संगणक बदलायचे तर त्यासाठीही वर्षाला 15,000 बाजूला पडायला हवेत. तिसऱ्या वर्षापासून हे कुठून आणणार? अनुदानावर भिस्त ठेवू नका. ते हप्त्यानं येतं, उशिरा येतं, आणि त्यातला मोठा भाग पगारातच जातो हे तुम्हाला मी काय सांगावं. वर्गणी आत्ताच महिन्याला 10 रुपयांनी वाढवा. 310 सभासदांचे वर्षाला 37,200 होतात. पहिली दोन वर्षं ती वाढ ‘संगणक निधी’ नावानं वेगळी ठेवली तर 74,400 जमतील आणि तिसरं वर्ष उजाडेल तेव्हा गाडी अडणार नाही. वाढ उद्घाटनाच्या दिवशीच जाहीर करा. नवं काही समोर दिसत असताना लोक दहा रुपयांना नाही म्हणत नाहीत.

आणखी एक वाट आहे. तुमच्या वाचनालयाला 2027 मध्ये 75 वर्षं पूर्ण होतील. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान पन्नास, साठ, पंच्याहत्तर, शंभर वर्षं पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयांना असमान निधी योजनेतून, म्हणजे राज्याला बरोबरीचा वाटा घालावा लागत नाही अशा योजनेतून, साहाय्य देतं. अर्ज ग्रंथालय संचालनालयामार्फत जातो. स्थापनेचा पुरावा, नोंदणी प्रमाणपत्र आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आत्तापासून एका फायलीत लावा आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना भेटून या.

सॉफ्टवेअरबद्दल माझं मत सांगते. ‘कोहा’ हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झालं आणि 2000 सालापासून वापरात आहे. परवान्याचा पैसा नाही, मराठी चालतं, जगभर वापरलं जातं. पण ‘फुकट’ ऐकून हुरळून जाऊ नका. ते बसवायला आणि चालू ठेवायला जाणकार माणूस लागतो, आणि वर धरलेल्या पंचवीस हजारांतले बारा-एक हजार त्यालाच जातील. जवळच्या एखाद्या महाविद्यालयात कोहा चालू असेल तर तिथल्या ग्रंथपालांना चहाला बोलवा. असा शेजार असेल तर कोहा घ्या, नसेल तर विचार करा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ‘ई-ग्रंथालय’ही आहे. तुमच्या संस्थेला ते मिळावं म्हणून जिल्हा कार्यालयाकडे लेखी अर्ज द्या, तोंडी विचारपूस नको. खाजगी विक्रेत्याचंच घ्यायचं ठरलं तर करारात तीन गोष्टी मराठीत लिहून घ्या. सगळ्या नोंदी कधीही, विनामूल्य, एक्सेल आणि मार्क-21 (ग्रंथालयांच्या नोंदींचा जगभर चालणारा साचा) या दोन्ही स्वरूपांत काढून मिळतील. मुख्य पासवर्ड संस्थेकडे राहील. करार संपला तरी नोंदींवर हक्क संस्थेचाच राहील. यावर सही करायला विक्रेता कां-कूं करू लागला तर तुमचा निर्णय तिथेच झाला.

कृष्णाकाठच्या माणसाला पुराचं वेगळं सांगायला नको, पण संगणकाच्या बाबतीत लोक विसरतात. सांगलीत आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं आणि सांगलीच्या नगर वाचनालयात हजारो पुस्तकं भिजून गेली. 2021 मध्ये पुन्हा पूर आला. सीपीयू जमिनीवर नको, टेबलावर हवा. पावसाळ्यात तो दहा मिनिटांत काढून माडीवर नेता येईल अशी जोडणी करा. दर शनिवारी प्रत काढा. दोन हार्डडिस्कपैकी एक वाचनालयात ठेवा, दुसरी नदीपासून लांब, विट्याला कुणा विश्वासू पदाधिकाऱ्याच्या पाहुण्यांकडे असेल तर उत्तम. महिन्याला त्यांची अदलाबदल करा. आणि सहा महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून खरंच सगळं परत उभं राहतं का ते करून बघा. न तपासलेल्या प्रतीवर विसंबू नका. कागदी दाखल नोंदवही मात्र चालूच ठेवायची, संगणक आला म्हणून ती बंद करायची नाही.

सभासदांची माहिती भरताना आधार क्रमांक आणि आधारची झेरॉक्स मागू नका. नाव, पत्ता, फोन आणि अनामतीची पावती एवढ्यावर देवघेव चालते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली झालाय. गरजेपेक्षा जास्त माहिती जमवली की ती सांभाळायची जबाबदारीही आली.

पीडीएफचं उत्तर ‘नाही’ असं आहे. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं त्याच्या लेखनावर हक्क असतो. ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफ बहुतेक चोरीच्या असतात, आणि संस्थेच्या नावानं त्या पुढे पाठवल्या की प्रकरण संस्थेवर येतं. अधिकृत आणि फुकट असं पुष्कळ आहे. मराठी विश्वकोश आपल्या शेजारच्या वाईत तयार झाला, तो आख्खा संकेतस्थळावर वाचता येतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. आयआयटी खरगपूरनं उभं केलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, त्याचा उपयोग स्पर्धा-परीक्षेच्या मुलांना जास्त. या तिन्हींचे दुवे ग्रुपवर टाका.

अध्यक्षांना विरोध करू नका, त्यांना 15 ऑक्टोबर द्या. सगळी 11,500 पुस्तकं तोवर होणार नाहीत, पण बालविभाग होईल. अठराशे पुस्तकं असतील तर रोज सत्तर या हिशेबानं सव्वीस दिवसांचं काम. त्या दिवशी दात्यांच्या हस्ते फीत कापा, आणि पाचवीतल्या एखाद्या मुलीला दाराशी ठेवलेल्या संगणकावर हवं ते पुस्तक शोधून कपाटातून काढू द्या. दात्यांना आधी फोन करून हिशेबाचा कागद पाठवा. गेटपेक्षा नोंदींवर पैसे जातायत हे त्यांना आवडेल, असा माझा अंदाज. पुण्यात राहून गावाच्या वाचनालयाची आठवण ठेवणारा माणूस बहुधा वाचणारा असतो.

नोकरीचं विचारलंत. ‘ब’ वर्गाच्या वाचनालयात किती कर्मचारी असावेत हे वर्गावर ठरतं, संगणकावर नाही. संगणक आला म्हणून पद कमी होत नाही. उलट जिला या नोंदी कशा झाल्या ते माहीत आहे तिच्याशिवाय संस्थेचं पान हलणार नाही. मात्र सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण तुमच्या नावानं व्हायला हवं, फक्त नव्या मुलीचं नाही. हे करारातच लिहून घ्या : किमान दोन कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, वाचनालयाच्या जागेवर, वाचनालयाच्याच पुस्तकांच्या नोंदी करून.

सभेत मांडायला ठरावाचा मसुदा देते. शब्द बदलायचे तर बदला, क्रम बदलू नका : ‘संगणकीकरणासाठी मिळालेल्या 3 लाख रुपयांच्या देणगीचे स्वतंत्र खाते उघडावे. प्रथम बाद पुस्तकांची यादी करून मंजुरीस ठेवावी. त्यानंतर नोंदी करण्यासाठी मानधनावर एका व्यक्तीची नेमणूक करावी व नोंदींची तपासणी ग्रंथपालांनी करावी. यंत्रसामग्रीसाठी करासह किमान तीन दरपत्रके मागवावीत. सॉफ्टवेअरचा करार अंतिम करण्यापूर्वी ग्रंथपालांचा लेखी अभिप्राय घ्यावा.’ शेवटच्या वाक्यावर कुणी कात्री लावू म्हणालं तर ते वाक्य का हवंय ते सांगायला दरपत्रकातली जीएसटीची ओळ पुन्हा एकदा वाचून दाखवा.